आठ-दहा महिन्यांचं बाळ आणि पहिली परदेशवारी: दुबई, सिंगापूर की फुकेत?

बाळ आठ-दहा महिन्यांचं, सुट्टी पाच रात्रींची आणि निघायचं मुंबईहून. एवढं ठरलं की बहुतेक घरांत तीनच नावांवर चर्चा होते. आधी निकाल सांगून टाकू. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर दुबई. एरवी सिंगापूर. पाच दिवस एकाच हॉटेलात निवांत पडून राहायची तयारी असेल तरच फुकेत, तेही नोव्हेंबर ते एप्रिल. या निकालात बुर्ज खलिफाचा किंवा युनिव्हर्सल स्टुडिओचा काही संबंध नाही. या वयाच्या बाळाला दोन्हींपेक्षा हॉटेलच्या लिफ्टची बटणं जास्त आवडतात. ठिकाण निवडताना झोप, पेज आणि दुपारचं ऊन एवढंच बघायचं.

विमान

मुंबईहून दुबई सव्वातीन तास, फुकेत पावणेपाचच्या आसपास, सिंगापूर साडेपाच. आकडे बघून दुबई सहज जिंकते असं वाटतं, पण तासांपेक्षा विमान कोणतं आहे ते आधी बघा. बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, बहुधा दोन मार्गिकांच्या रुंद विमानातच मिळतो आणि तोही फक्त समोर भिंत असलेल्या रांगेत. दुबई आणि सिंगापूरच्या मार्गांवर अशी विमानं आहेत. फुकेतला थेट जाणारी बहुतेक विमानं एका मार्गिकेची असतात, त्यामुळे पावणेपाच तास बाळ मांडीवरच. स्वस्तातलं तिकीट घेऊन दुबईलाही तसंच विमान मिळू शकतं. तिकीट काढतानाच विमानाचा प्रकार वाचायचा आणि पैसे भरल्या दिवशीच फोन करून पाळणा मागायचा. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे १० ते १४ किलो असते. गुटगुटीत बाळ दहाव्या महिन्यातच दहा किलो ओलांडू शकतं, तेव्हा आदल्या आठवड्यात वजन करून ठेवा. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पाळणा वापरता येत नाही. मध्येच विमान हलायला लागून पट्ट्याचा दिवा लागला, तर झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. त्यामुळे ‘पाळणा मिळाला, आता झोपू’ हे अर्धंच खरं.

कान दुखतात ते चढताना कमी, उतरताना जास्त. विमान टेकण्याआधी साधारण अर्धा तास खाली यायला लागतं, अंगावर किंवा बाटलीने पाजायचं तेव्हा. लोक उड्डाणाच्या वेळी पोटभर पाजतात आणि उतरताना बाळ तोंड फिरवतं. उतरण्यासाठी एक पाजणी राखून ठेवा.

दोन वर्षांखालच्या बाळाला जागा नसलेलं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या सुमारे दहा टक्के अधिक कर, एवढ्यात बसतं. एका मोठ्या माणसामागे असं एकच बाळ.

घड्याळ

हा मुद्दा कुणी विचारात घेत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. दुबई आपल्या दीड तास मागे, फुकेत दीड तास पुढे, सिंगापूर अडीच तास पुढे. पाच रात्रींसाठी बाळाचं घड्याळ बदलायच्या भानगडीत पडू नका. मग काय होतं ते बघा. घरी रात्री आठला झोपून सकाळी सहाला उठणारं बाळ दुबईत संध्याकाळी साडेसहालाच पेंगतं आणि पहाटे साडेचारला टक्क जागं होतं. तेच बाळ सिंगापुरात रात्री साडेदहाला झोपतं आणि सकाळी साडेआठला उठतं. संध्याकाळी बाहेर जेवायला, दिव्यांची रोषणाई बघायला जायचं असेल, तर सिंगापूर आई-बाबांच्या जास्त सोयीचं. आजी-आजोबा सोबत असतील तर दुबईची पहाटही चालते. ते तसेही पाचला उठून चहाची वाट बघत असतात, बाळ त्यांच्याकडे द्यायचं.

सिंगापूरची एक खोच आहे. मुंबईहून रात्री साडेअकराला निघालं की तिथे सकाळी साडेसातला पोचतो आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. रात्रभर मांडीवर झोपलेलं बाळ, सामान आणि लॉबीतला सोफा असे सात तास काढण्यापेक्षा आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली धरून ठेवा. हा खर्च दुबईच्या तुलनेत आधीच धरायला हवा.

कागदपत्रं

पासपोर्ट तिन्हीकडे सारखाच लागतो, पण अडकतात ते जन्मदाखल्याशी. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. दवाखान्यातून नोंद गेलेली असते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून पालिकेचा पहिला दाखला बहुधा नावाशिवाय येतो. नाव चढवून नवा दाखला घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज. आई-वडिलांच्या नावांची स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवी. अर्जात बाळाचं नाव आणि वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये, आडनाव ‘सरनेम’मध्ये. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका: पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पाहुण्यांना संयुक्त अरब अमिराती व्हिजिट व्हिसावर घेत नाही. चार वर्षांखालच्या बाळाचा फोटो आपणच न्यायचा असतो, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. पलंगावर पांढरी चादर घालून बाळाला उताणं निजवा आणि खिडकीच्या उजेडात वरून काढा. धरणाऱ्याचा हात फोटोत आला की फोटो बाद.

व्हिसाच्या बाबतीत फुकेत सोपं. भारतीयांना थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसामाफी दिली. नियम बदलत असतात, तिकिटाआधी चालू स्थिती बघून घ्या. मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. सिंगापूरला व्हिसा आणि तसंच कार्ड, दोन्ही. दुबईला व्हिसा, त्यासाठी परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग तयार ठेवा. कुठेही गेलात तरी बाळाचा अर्ज आणि बाळाचं कार्ड वेगळं. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर जन्मदाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.

खाणं-पिणं

इथे दुबई स्पष्टपणे पुढे. बर दुबई, करामा, देरा या भागांत स्वयंपाकघर असलेली हॉटेल अपार्टमेंट सहज मिळतात आणि खाली भारतीय किराणा असतो. मूगडाळ-तांदूळ मऊ शिजवता आले की निम्मी काळजी मिटली, कारण वर्षाखालच्या बाळाला मीठ, साखर आणि मध नको आणि हॉटेलच्या प्रत्येक वरणात मीठ असतंच. सिंगापुरात स्वयंपाकघराची सोय महाग पडते. खाजगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीसाठी भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे, स्वस्त फ्लॅटची जाहिरात दिसली तरी नादी लागू नका. लिटिल इंडियात भात, दही, इडली मिळते आणि नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, ही मात्र मोठी सोय. फुकेतला सीलबंद बाटलीचं पाणी घ्या आणि तेही उकळून वापरा.

वरचं दूध घेणाऱ्या बाळाचा हिशेब: दिवसाला १८० मिलीच्या चार बाटल्या. भारतातल्या बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, म्हणजे बाटलीला सहा चमचे, दिवसाला साधारण ११० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवस पुरतो, तेव्हा पाच रात्रींना दोन डबे. डबा तिकडे घेऊ म्हणू नका. नाव तेच असलं तरी चमच्याचं माप वेगळं असू शकतं आणि प्रवासात नवं दूध सुरू केलं की पोट बिघडलं ते दुधाने की पाण्याने, हेच कळत नाही. डायपर मात्र निघण्याच्या दिवसाचे अधिक दुसऱ्या दिवसाचे, एवढेच न्या. बाकीचे तिन्हीकडे मिळतात.

आणि खसखस. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आजी डिंकाचे लाडू बांधून देते, त्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर, दोन्हीकडे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. लाडू न्यायचे तर खसखस न घालता करायला सांगा. नाचणीसत्त्व बिनलेबलाच्या पुडीत नेऊ नका, छापील पाकीट बरं. बाळगुटी घरीच राहू द्या.

फिरणं

सिंगापुरात बाबागाडी न दुमडता मेट्रोत जाते, बसमध्येही चालते आणि मॉलमध्ये पाजायच्या खोल्या जागोजागी असतात. बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडतं, फुकट आहे आणि सावलीही भरपूर. अडचण गाडीची. रस्त्यावरच्या टॅक्सीला बाळाच्या आसनातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीला नाही. आसन नसेल तर चालक सरळ नाही म्हणतो. दुबईतही मॉल आणि मेट्रो बाबागाडीला सोप्या. मेट्रोतल्या बायका-मुलांच्या डब्यात बाबांनी चढायचं नाही, दंड होतो. वाळूच्या टेकड्यांवरून उधळणारी जीप तान्ह्या बाळाला घेऊन करायचीच नाही. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा दुबई म्हणजे एका मॉलमधून दुसऱ्या मॉलमध्ये जाणं. सिंगापुरात बारा महिने ३१-३२ अंश आणि दमटपणा. बाहेर घामोळं, आत कडक एसी. पातळ सुती पूर्ण बाह्यांचं झबलं हातात ठेवा. फुकेतचे पदपथ तुटके, तिथे बाबागाडीपेक्षा झोळी बरी. मे ते ऑक्टोबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात, म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही.

औषधांची पिशवी

सिंगापूर आणि फुकेतला डेंग्यू आहे, त्यामुळे मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी सुचवलेलं मलम हवंच. दुबईत ही काळजी बरीच कमी. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देतात, पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणून प्रवासाआधी दोन महिने डॉक्टरांकडे जा. गोवराची लस नवव्या महिन्यात असते, ती झाल्यावरची तारीख धरता आली तर उत्तम.

तापाच्या औषधात होणारी चूक मात्र नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, तर एका नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला १२०. किलोला १५ मिलिग्रॅम धरून आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागतात: थेंब १.२ मिली किंवा ते सिरप ५ मिली. झोपेत थेंबांची बाटली उचलून ‘पाच मिली’ दिलं की चौपट डोस जातो. दोन्ही बाटल्या सोबत नेऊच नका. एकच न्या, डॉक्टरांकडून बाळाच्या आजच्या वजनाप्रमाणे मिलीचा आकडा घ्या आणि झाकणावर पट्टी चिकटवून तो लिहून ठेवा.