रोटरी की ड्युअल ॲक्शन : गाडीच्या रंगाचे पॉलिशिंग शिकताना कोणते यंत्र हाती घ्यावे?

रोटरी पॉलिशरचे पॅड एकाच अक्षाभोवती सलग फिरते, तर ड्युअल ॲक्शनचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहानशा वर्तुळातही हलते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळा फरक इथेच पडतो. हाताचा दाब जास्त झाला की बहुतेक ड्युअल ॲक्शन यंत्रांचे पॅड फिरायचे थांबते आणि रंग सहसा वाचतो. रोटरी थांबत नाही; बॉनेटच्या कडेवर ती जरा जास्त रेंगाळली, तर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडून खालचा रंग उघडा पडतो.

पॉलिश पेपरचे व्रण काढण्यात रोटरी सरस आहे, हे मान्य. तरीही पहिले यंत्र ड्युअल ॲक्शनच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोटरीवर माझा हात बसला तो भंगारातून आणलेल्या काळ्या बॉनेटवर: कडांना मास्किंग टेप, वेग १००० आरपीएमच्या आसपास, पॅड सपाट, आणि दर फेरीनंतर पत्र्याला तळहात लावून उष्णतेचा अंदाज. एवढी काळजी घेऊनही बॉनेट उन्हात नेल्यावर पॅडच्या वाटेने वळलेल्या धूसर रेघा दिसल्याच, आणि त्या शेवटी ड्युअल ॲक्शनला मऊ फोम पॅड लावल्यावरच गेल्या.