इगोरोट भाला की मोरो बुडियाक: पहिला कुठला घ्यावा?

'फिलिपिन्सचा जुना भाला' म्हणून विकायला येणाऱ्या मालात ढोबळ दोन घराणी असतात. एक उत्तर लुझोनमधल्या कॉर्डिलेरा डोंगरांतलं, म्हणजे बोंतोक, इफुगाओ, कालिंगा अशा इगोरोट लोकांचं. दुसरं दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मुसलमान मोरोंचं; त्यांच्या भाल्याला बुडियाक म्हणतात. विक्रेते मात्र दोन्हींवर 'ट्रायबल स्पिअर' एवढीच चिठ्ठी डकवून मोकळे होतात.

नवखा माणूस आधी फाळ बघतो. मी आधी जोड बघतो, फाळ जिथे दांड्याला भेटतो ती जागा. बुडियाकचा फाळ सहसा शेपटीने दांड्यात रुतवलेला असतो आणि तोंडाशी पितळेचं, घरंदाज असेल तर चांदीचं कडं असतं. कॉर्डिलेरात नळीत दांडा बसवलेले आणि शेपटी रुतवलेले असे दोन्ही प्रकार सापडतात, पण थाट साधा: वेताची घट्ट वीण, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला मुसळाच्या वसवीसारखं लोखंड. वेत खरंच जुना असेल तर तो मधाच्या रंगाचा झालेला असतो आणि हात पडतो तिथे गुळगुळीत. सगळीकडे सारखाच काळा दिसला तर बहुधा रंग लावलेला असतो.

फाळांच्या बाबतीत बोंतोकांचा हात धरणारं कोणी नाही. अल्बर्ट जेंक्स या अमेरिकन अभ्यासकाने 1905 मध्ये त्यांच्यावर लिहिताना फाळांचे प्रकार नावानिशी दिले आहेत. बिनकाट्याचा, पानासारखा तो फांगकाव. गळाला असतात तसे उलटे काटे ओळीने असलेला तो सिनालाविटान. काट्यांचा फाळ भिंतीवर झकास दिसतो, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. घडवलेल्या काट्यावर हातोडीची असमान खूण राहते आणि दोन बाजूंचे काटे कधी तंतोतंत जुळत नाहीत. पत्र्यातून कापलेले जुळतात. मोरो फाळ लांबट, मुळाशी कोरलेला. चांगल्या फाळावर लोखंडाच्या थरांची लहर तिरप्या उजेडात उमटते.

मिंदानाओतल्याच बागोबो जमातीचे पितळी ओतकामाचे भाले वेगळे आणि देखणे असतात, पण ते पहिल्या खरेदीचे नव्हेत.

ढाल-फळीवर छोटी छोटी शस्त्रं ठोकलेला 'मोरोलँड'चा शोपीस ही निव्वळ पर्यटकांची खरेदी. मधोमध आटे पाडून सुटा होणारा कोरीव दांडाही त्याच जातीचा. असा एक माझ्याकडे आहे, पैसे देऊन घेतलेला. आता पडदा सारायला वापरतो.

माझं मत विचाराल तर पहिला भाला इगोरोट घ्या, तोही साधा फांगकाव. 1899 नंतर अमेरिकन सैनिक आणि अधिकारी तिथे गेले. 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनात तर इगोरोट माणसांनाच नेऊन मांडलं. या साऱ्यांतून बरेच भाले अमेरिकेतल्या घरांत पोचले, आणि सोबत कधी पत्र, कधी फोटो, कधी दांड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. असा कागद असेल तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. बुडियाकमध्ये पैसा कड्यात असतो आणि फसवणूकही तिथेच: जुना फाळ, नवा दांडा, कालची चांदी. विजेरी तिरपी धरून कड्याची कड बघा. लाकूड आणि धातू यांच्या फटीत जुना मळ नसेल तर कडं नंतर चढवलंय असं समजा. हे नजरेला कळायला लागलं की बुडियाककडे वळा, कारण देखणेपणात तोच सरस आहे.

भारतात मागवणार असाल तर एक लफडं आधीच निस्तरा. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत भाला नावानिशी आहे आणि पात्याचं माप 9 इंच लांबी किंवा 2 इंच रुंदी असं दिलंय. बाळगायला परवाना कुठे लागतो हे त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरतं; परदेशातून आणायला मात्र शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. फांगकाव ही मापं सहज ओलांडू शकतो. तेव्हा पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून फाळाची मापं लेखी मागवा आणि तो कागद घेऊन पोलिसांच्या परवाना शाखेत जाऊन या.