डोलकाठीवर चढायचं किट: आठ महिने वापरल्यावर, मुख्यतः पायाच्या पट्ट्याबद्दल

ऑक्टोबरात किट घेतलं, आता मे संपत आला. १ जूनच्या आत नाव पाण्याबाहेर काढायची आहे, म्हणजे या मोसमातलं चढणं झालं. आठ महिन्यांत अकरा वेळा वर गेलो. किटमध्ये काय येतं ते बघून ठेवलेलंच असेल: कमरेचा हार्नेस, दोन असेंडर (दोरावर वर सरकतात, भार आला की दोर धरून ठेवतात), पायाचा पट्टा, कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या). मी १४,५०० रुपये मोजले. नाव शिडाची, सव्वीस फुटी, जुनी, गेटवेसमोर मुरिंगला असते. डोलकाठी डेकपासून साडेदहा मीटर.

याआधी दहा वर्षं फळीची खुर्ची वापरली. ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेली, १,८०० रुपयांत. खुर्चीत मी बसायचो आणि मेहुणा विंच (दोर ओढायची चरखी) फिरवून मला वर चढवायचा. माझं वजन ७८ किलो. दर दोन मीटरला खालून आवाज यायचा, "भावोजी, जरा दम घेऊ द्या." त्याचा सगळा जोर विंचवर जायचा आणि दुसरा दोर, म्हणजे सेफ्टीचा, कोणीतरी तिसरा माणूस मिळाला तरच सांभाळला जायचा. मिळाला नाही तर एकाच दोरावर वर गेलोय. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

किटमुळे हे पार बदललं. मेन हॅलयार्डचं (मोठं शीड वर ओढायच्या दोराचं) टोक डोलकाठीच्या बुडाशी पक्कं बांधायचं, दुसरी बाजू विंचवर ताणून अडकवायची आणि त्या ताठ दोरावर स्वतः चढायचं. खालच्या असेंडरला लावलेल्या पट्ट्यावर उभं राहायचं, वरचा सरकवायचा, हार्नेसमध्ये बसायचं, खालचा सरकवायचा. एका खेपेला वीतदीड वीत. सावकाश होतं, पण मेहुण्याचे दोन्ही हात सेफ्टीच्या दोरासाठी, म्हणजे जिब (पुढच्या शिडाच्या) हॅलयार्डसाठी, मोकळे राहतात. आमचं रिग मास्टहेड, म्हणजे पुढचं शीडही डोलकाठीच्या टोकापासून, त्यामुळे तो दोरही टोकापर्यंत जातो. तो मी स्नॅप शॅकलवर (दोराच्या टोकाच्या झटक्यात उघडणाऱ्या कडीवर) कधीच सोपवत नाही, आठाची गाठ मारून थेट हार्नेसला बांधतो. शॅकलची पिन वर कशाला तरी अडकून उघडू शकते. उतरताना याच दोरावर भार देऊन असेंडर काढतो आणि मेहुणा तो विंचवर तीन वेढे ठेवून मला खाली सोडतो.

इथपर्यंत पैसे वसूल. आता पायाचा पट्टा.

पट्टा मऊ आहे. हातात घेतला की छान वाटतो, पण वजन नसलं की मिटतो. डेकवरून पहिलं पाऊल घालताना काही वाटत नाही, हाताने उघडून पाय घालता येतो. आठ मीटरवर पाय एकदा निसटला की तो मिटलेला पट्टा गुडघ्याखाली कुठेतरी लोंबत असतो आणि हार्नेसमध्ये बसून तिथवर वाकता येत नाही. बुटाच्या टोकाने चाचपडत राहायचं.

फेब्रुवारीत अँकर लाइट बदलायला गेलो होतो. अष्टमी बघून दिवस निवडलेला, भांगाचं पाणी, वारा पडलेला, सकाळचे साडेसात. स्प्रेडरच्या (डोलकाठीच्या आडव्या दांड्यांच्या) वर पोचलो आणि मांडव्याची लाँच जवळून गेली. डेकवर उभ्या माणसाला ती लाट नुसती जाणवते. वर हिशेब वेगळा असतो: नाव दहा अंश कलली तर साडेदहा मीटरवरचं टोक १.८ मीटर बाजूला जातं, आणि तितकंच परत येतं. मी डोलकाठीला मिठी मारली, उजवा पाय पट्ट्यातून सुटला. पुढची पाच-सहा मिनिटं वरच्या असेंडरवर लटकून पट्टा शोधत होतो. सेफ्टीचा दोर ताठ होता, त्यामुळे पडायची भीती नव्हती. भीती दुसरी होती. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकलं की रक्त पायांत साचतं, चक्कर येते आणि बेशुद्ध माणसाला वरून काढणं अवघड होऊन बसतं. पायावर उभं राहून मांडीवरचा ताण सोडवणं हाच त्यावर उपाय आणि तो उपाय या पट्ट्यातच आहे. म्हणून मी पट्ट्याचा इतका पिच्छा पुरवतोय.

विकणाऱ्याला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की वापरलेला माल बदलून मिळणार नाही. मी म्हटलं, न वापरता हा दोष कळणार कसा? मग म्हणाले, खाऱ्या पाण्यात वापरल्याने वॉरंटी गेली. जाहिरातीत शिडाच्या नावेचं चित्र आहे! तीन आठवडे ई-मेल, एकदा माझ्या खर्चाने कुरियर, शेवटी तोच पट्टा तसाच परत. मी पैसे मागत नव्हतो, पट्टा ताठ करून द्या एवढंच म्हणत होतो. तो राग अजून गेलेला नाही आणि खालचा एक तारा त्याचाच कापलाय.

इलाज नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. बागेच्या जाड पाइपचा वीतभर तुकडा, वीस रुपये. पट्ट्याची शिवण उसवून, पाऊल टेकतं त्या भागावर तो ओवला आणि शीड शिवणाऱ्याकडून पुन्हा दुहेरी शिवून घेतलं. आता पट्टा कायम उघडा राहतो, न बघता पाय आत जातो.

हे लिहायला घेतलं तेव्हा शेवट ठरलेला होता: खुर्ची टाकून द्या, किट घ्या. गेल्या रविवारी तो बदलावा लागला. टोकाची पुली घासली होती, ती आणि व्हीएचएफ रेडिओची अँटेना एकाच खेपेत बदलायची होती. दीड तासाचं काम. पट्ट्यावर उभं राहूनही चाळीस मिनिटांत मांड्या बधिर झाल्या. खाली आलो आणि जुनी खुर्ची काढली. आता हार्नेस अंगात, सेफ्टीचा दोर हार्नेसला, आणि वरचा असेंडर खुर्चीच्या कडीला. फळीवर बसून दोन्ही हातांनी निवांत काम झालं. तेव्हा खुर्ची असेल तर टाकू नका. फक्त तिच्यावर जीव सोपवू नका, तो हार्नेसच्या दोरावर.

असेंडरबद्दल थोडं. दात मिठाने जाम होतात, स्प्रिंग आळसावते आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात पट्टे सुकवू नका, उन्हाने धागा कुजतो. हॅलयार्डचं वरचं आवरण सैल असेल तर असेंडर आवरणासकट घसरतो, म्हणून चढण्याआधी डेकलगतच लटकून दोन-चार हिसके द्या. हत्यारं दोरीने मनगटाला किंवा हार्नेसला बांधा आणि खालच्या माणसाला डोलकाठीच्या बुडाशी उभं राहू देऊ नका. पाना एकदा सुटला होता, मेहुण्यापासून हातभर अंतरावर पडला. त्या दिवसापासून तो हेल्मेट घालतो.

पाचपैकी साडेतीन तारे. पट्टा ताठ आला असता तर साडेचार दिले असते.

कोणाला शिवून घ्यायचा असेल तर माप: २५ मिमीची पट्टी, आतून २५ मिमी पोकळी असलेला पाइप, लांबी २० सेंमी. पाइपची दोन्ही टोकं मेणबत्तीवर जरा मऊ करून गोल करा, नाहीतर कडा पट्टी कापते.