कोर्स की केस-बैठक? पदवीनंतर शिकत राहण्याच्या दोन वाटा

प्रॅक्टिसमध्ये सात-आठ वर्षं गेली की एक दिवस जाणवतं, आपण लिहितो ती औषधं आणि देतो ते सल्ले बहुतेक कॉलेजातलेच आहेत. तेव्हापासून प्रश्न पडतो तो वेळेचा. रात्री अडलेली गाय सोडवून आलेल्या माणसाकडे महिन्याला चार-सहा तास निघाले तरी पुष्कळ. ते ऑनलाइन कोर्सला द्यावेत, की ओळखीच्या पाच-सहा पशुवैद्यांनी दर महिन्याला भरवलेल्या केस-बैठकीला? मी दोन्ही केलं आहे. आधी तीन वर्षं कोर्स केले, त्यानंतर बैठक धरली, आणि ती अजून सुटलेली नाही. मोठ्या परिषदांचा विचार इथे करत नाही. तिथे भेटीगाठी छान होतात, पण वर्षातून एकदा मिळणाऱ्या गोष्टीवर रोजचं काम सुधारत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

कोर्सचं ऋण आधी मान्य करतो. शेळ्या-मेंढ्यांना जंताचं औषध द्यायचं ते सगळ्या कळपाला एकदम, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. फामाचा पद्धत मला कोर्समध्ये नीट समजली. खालची पापणी ओढायची, आतला रंग 1 ते 5 च्या तक्त्याशी ताडायचा आणि फिकट पडलेल्या जनावरांनाच औषध द्यायचं. दक्षिण आफ्रिकेत घडलेली ही पद्धत हिमोंकस या रक्त पिणाऱ्या जंतासाठी आहे. ज्या शेळ्यांना औषध दिलं नाही, त्यांच्या पोटातल्या जंतांवर औषध अजून चालतं. तेच कुरणात पसरत राहिले की औषधाला न जुमानणाऱ्या जंतांना सगळं रान मोकळं मिळत नाही. आमच्या बैठकीतले सगळेच तेव्हा सरसकट डोस देणारे होते. सगळ्यांची चूक एकच असली की ती चूक वाटतच नाही, आणि बैठकीतून ती कधी बाहेर आली नसती.

डायक्लोफेनॅकचंही तसंच. ताप-सुजेवरच्या या औषधाचा अंश राहिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे 2004 मध्ये उघड झालं. कुठल्याही पशुवैद्याला ते स्वतःच्या अनुभवातून कळणं शक्य नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोरच्या जनावराचा ताप उतरत होता आणि मालक समाधानी होता. असं ज्ञान बाहेरूनच यावं लागतं. सोनोग्राफी, ईसीजी, दातांचं काम, भूल यांपैकी एखादा विषय मुळापासून शिकायचा असेल, तर बैठकीच्या भरवशावर राहू नका. तिथे कोर्सच हवा, आणि शक्यतो हाताला सराव देणारा.

मग माझं मन कोर्सवरून का उडालं? एकाच गोष्टीमुळे. कोर्सात कोणी कधी विचारत नाही, 'त्या जनावराचं पुढे काय झालं?'

पडद्यावरच्या रुग्णाचे सगळे रिपोर्ट हाताशी असतात, निदान तिसऱ्या स्लाइडवर होतं आणि शेवटच्या स्लाइडवर तो शेपूट हलवत उभा असतो. माझा रुग्ण मात्र तिथे कुणालाच माहीत नसतो. एकदा एका गायीची पूर्ण हकिकत मी कोर्सच्या प्रश्नोत्तरांसाठी पाठवली. चौथं वेत, व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली, कान गार, मान कुशीकडे वळवलेली. मिल्क फीवर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटणं, सरळ दिसत होता. हृदयाच्या ठोक्यावर कान ठेवून कॅल्शियम हळूहळू शिरेतून दिलं. कान कोमट झाले, शेण टाकलं, चारा ओढायला लागली, पण उठेना. दुसऱ्या दिवशीही तेच. उत्तर नऊ दिवसांनी आलं: फॉस्फरस, पोटॅशियम आणि स्नायूंची एन्झाइम्स तपासून घ्यावीत. सल्ला चूक नव्हता. पण गाय नऊ दिवस वाट बघत थांबत नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही तिचं काय झालं हे जाणून घ्यायचं नव्हतं.

तीच केस मी त्या महिन्याच्या बैठकीत मांडली. आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टरांनी औषधाचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "तू पोचायच्या आधी ती किती तास एकाच कुशीवर होती? आणि खाली काय होतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंदाजे देता आलं, रात्रभर. दुसऱ्याचं देता येईना. 'खाली मऊ अंथरा' असं मी मालकाला सांगितलं होतं, अंथरलेलं पाहिलं नव्हतं. एवढं मोठं धूड काही तास एकाच मागच्या पायावर दाबून बसलं की त्या पायाचे स्नायू आणि मज्जातंतू चेपले जातात. मग रक्तातलं कॅल्शियम भरून आलं तरी पाय उचलत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं आणि खाली वाळूचा किंवा मातीचा जाड थर, यावर अशा गायीचं उठणं पुष्कळ अवलंबून असतं. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. तरी कॅल्शियमची बाटली काढताना मला ते आठवलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "गायीचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी तिथूनच मालकाला फोन लावला. ती पाचव्या दिवशी गेली होती. खाली सिमेंटची फरशी आणि वर हातभर पसरलेला पातळ कडबा, एवढंच होतं. फोन ठेवल्यावर कुणी काही बोललं नाही. नंतर एकानं त्याची अशीच एक म्हैस सांगितली, दुसऱ्यानं त्याची गाय. त्या दिवसापासून आडवं पडलेलं जनावर दिसलं की मी औषधाच्या पेटीआधी जमिनीला हात लावतो.

या 'पुढे काय झालं'ला वैद्यकात जुना आधार आहे. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवत आणि किमान वर्षभरानं रुग्णाला गाठून उपचाराचा अंतिम परिणाम त्यावर नोंदवत. फसलेल्या शस्त्रक्रियाही त्यांनी छापून जाहीर केल्या. आमच्या बैठकीची वही त्याच धर्तीची आहे. तारीख, केस, काय केलं आणि शेवटचा रकाना 'पुढे'. प्रत्येक बैठक मागच्या वेळचे रिकामे रकाने भरण्यापासून सुरू होते. नवी केस त्यानंतर.

माणसांच्या डॉक्टरांबाबत तर याची तपासणीही झाली आहे. त्यांच्या प्रशिक्षणावरच्या चाचण्या 1999 मध्ये एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात बदल झाल्याचं दिसलं नाही. चर्चा आणि सराव असलेल्या सत्रांनी झाल्याचं दिसलं. ब्रिटनमध्ये पशुवैद्याला वर्षाला 35 तास शिकणं बंधनकारक आहे, आणि आता शिकलेल्यावर काय विचार केला हेही नोंदवावं लागतं. तुमच्या परवान्यासाठी गुण लागत असतील, तर कोर्सचं प्रमाणपत्र सहसा विनातक्रार चालतं. बैठकीचे तास धरतात का, हे आधी विचारून घ्या. या बाबतीत कोर्स सरस आहे, हे कबूल करायला हवं.

दुसरी बाजू आधाराची. आपल्या पेशाबद्दल हे मोकळेपणानं बोललं जात नाही म्हणून आकडे देतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या 1979 ते 2015 या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येनं मृत्यू येण्याचं प्रमाण पुरुष पशुवैद्यांत 2.1 पट आणि स्त्री पशुवैद्यांत 3.5 पट आढळलं. माझ्या हातून एक तरणीताठी, धडधाकट मांजर नसबंदीच्या वेळी भुलेखाली दगावली, तेव्हा भुलेचा कोर्स मी पूर्ण केलेला होता. प्रमाणपत्र त्याच खोलीत भिंतीवर होतं. बैठकीत ते सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न डोसचा नव्हता. "त्या दिवसापासून तू नीट झोपलास का?" असं विचारलं गेलं. डोसची, नळीची, ऑक्सिजनची चर्चा झाली, कसून झाली, पण त्यानंतर. पुढची नसबंदी करताना आमच्यातली एक डॉक्टर माझ्या शेजारी उभी राहिली. ती आली नसती तर मी मांजरांची शस्त्रक्रियाच सोडून दिली असती, असं आजही वाटतं. मात्र मनावरचं ओझं आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर बैठकीवर विसंबू नका. तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवा.

बैठक आपोआप चांगली होते असंही नाही. आमची पहिली काही महिने नुसती गप्पांत गेली. एकाचा आवाज मोठा असला की बाकीचे गप्प बसतात. जवळजवळच्या दवाखान्यांत स्पर्धा असते, त्यामुळे चूक उघड करायला जीभ उचलत नाही. आम्हाला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. मालकाचं नाव घ्यायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही, आणि केस मांडणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही. माणसं सहा ते आठ ठीक. त्याहून जास्त झाली की अवघड केस कुणी काढत नाही.

तुमच्या आसपास चार सहकारीही नसतील, किंवा तुम्ही नुकतेच एखाद्या नव्या शाखेत शिरत असाल, तर आधी कोर्स घ्या, आणि निःशंक घ्या. बाकीच्यांना मी बैठकीकडेच वळवीन. यंदा मीही एक कोर्स घेतला आहे, शेळ्यांच्या आजारांवरचा, पण बैठकीतल्या दोघांसोबत. प्रत्येक धड्यानंतर आम्ही आपापल्या कळपातलं एक जनावर निवडतो आणि त्याची नोंद त्याच वहीत करतो. या महिन्यात माझे दोन रकाने रिकामे आहेत. त्यातली एक शेळी पापणीच्या रंगात 4 वर, म्हणजे फिकट, होती. उद्या सकाळी तिच्याकडे जायचं आहे.