बोरघाट की माळशेज? मुंबईहून सायकलने निघताना

मरीन ड्राइव्हच्या पहाटफेऱ्या झाल्या, पाम बीच रोडवर अंगात वेग आला, एखादी शंभर किलोमीटरची राइड पार पडली, की मुंबईच्या सायकलस्वाराला सह्याद्री खुणावायला लागतो. मग ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: पहिला मोठा घाट कुठला? बोरघाटाने लोणावळ्याला जायचं, की कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढून जुन्नर गाठायचं? उत्तरं बहुतेक किलोमीटर आणि चढाईच्या मीटरांत मिळतात. मला ते हिशेब अपुरे वाटतात. वर पोचल्यावर लेणी पाहायला, गडाच्या पायऱ्या चढायला तुमच्याकडे किती वेळ आणि पायांत किती दम उरतो, यावर वाट ठरवावी.

या दोन्ही वाटा मुळात एकाच कामाच्या. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल देशावर नेणं आणि देशावरचा माल खाली आणणं. कल्याण आणि सोपाऱ्याहून निघालेले तांडे सातवाहनांच्या काळात माळशेजशेजारचा नाणेघाट चढून जुन्नरला पोचत. बोरघाटाच्या डोक्यावर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. ती आडरानात नाहीत, येण्याजाण्याच्या वाटेवर आहेत, आणि म्हणूनच तिथल्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची नावं सापडतात. हे मनात ठेवून चढलं, तर वाटेवरचं प्रत्येक ठिकाण एकमेकांशी जोडलेलं दिसतं.

आधी बोरघाट. दादरहून सायन-पनवेल मार्गाने खाडीपूल ओलांडून पनवेल, तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, खालापूर, खोपोली. लोणावळ्यापर्यंत अंतर सुमारे ८० ते ८५ किलोमीटर. खोपोलीपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. डावीकडे प्रबळगड आणि इर्शाळगड सोबत करतात. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे. घाटाआधी पाणी भरायला, वडापाव खायला सगळे थांबतात. त्यात दहा मिनिटं तळ्याकाठी काढावीत. पेशवाईत पुण्याहून कोकणात उतरणाऱ्यांचा हाच मुक्काम होता.

खोपोली सोडली की चढ लगेच अंगावर येतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि त्यातला बहुतेक चढ शिंगरोबाच्या घाटातच, म्हणजे बोरघाटाच्या या जुन्या रस्त्यावरच, चढायचा असतो. शिंगरोबाचं देऊळ वळणावर लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी कथा सांगतात, आणि अजूनही ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. गाड्यांसाठीचा घाटरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये आली. रेल्वेच्या त्या बांधकामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीला नेलं. वळणांवर दम घ्यायला थांबाल तेव्हा दरीपलीकडचे रेल्वेचे बोगदे दिसतात. ते कुणाच्या कष्टांनी झाले हे आठवावं. १८३० चाच अमृतांजन पूल मात्र आता दिसणार नाही, तो एप्रिल २०२० मध्ये पाडला.

या वाटेचा खरा अडसर चढ नाही, रहदारी आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, पण खंडाळ्याच्या अलीकडे काही अंतर जुना रस्ता त्यातच मिसळतो. अवजड ट्रक, डिझेलचा धूर, मागून येणाऱ्या बसचे हॉर्न. शनिवार-रविवारी सकाळी हा पट्टा मी कुणालाच सुचवणार नाही. जमलं तर आठवड्यातला मधला वार घ्या, पहाटे तीनच्या सुमारास मुंबई सोडा आणि उजाडता उजाडता खोपोलीत पोचा. मागचा दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा.

एवढं सोसून वर जे मिळतं ते मात्र फार मोठं आहे. लोणावळ्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर कार्ले. एकवीरेच्या देवळामागचा तो चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, भारतातला सगळ्यात मोठा खोदीव चैत्य, जवळजवळ ४५ मीटर खोल. छताच्या कमानींत दोन हजार वर्षांपूर्वीचं सागवान अजून आहे. दर्शनी भिंतीवरचा लेख सांगतो, की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने (सावकाराने) जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, हे सर्वोत्तम शैलगृह (खोदीव लेणं) पूर्ण केलं. खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. रस्त्याच्या पलीकडे, मळवली स्टेशनच्या बाजूला भाजे. ते त्याहून जुनं, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, आणि गर्दी कितीतरी कमी. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी भाजे निवडेन, कारण तिथे शांत बसता येतं. भाज्यावरूनच लोहगडाची वाट जाते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण शेवटचा चढ बोरघाटाहून खडा. घाट चढलेल्याच दिवशी तो करू नये. मळवलीला मुक्काम करा आणि दुसऱ्या सकाळी ताज्या पायांनी जा.

आता माळशेज. इथे अंतराचा हिशेब एकदम बदलतो. ठाणे-भिवंडी बाजूने कल्याण गाठायला दादरहून ४५-५० किलोमीटर, आणि कल्याण ते घाटमाथा आणखी ८५ च्या आसपास. घाट सुरू होण्याआधीच पायांत शंभराहून जास्त किलोमीटर असतात, हे चांगल्या रायडरनेही हलक्यात घेऊ नये. ज्यांचे नातेवाईक कल्याण-बदलापूरकडे आहेत त्यांनी आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा. पण शहाड ओलांडलं, रायते-गोवेली मागे पडलं, की रस्त्याचा नूरच पालटतो. भातखाचरं, कौलारू घरं, मुरबाडचा बाजार, सरळगाव, टोकावडे. समोर सह्याद्रीची भिंत आडवी उभी असते आणि तिच्यात नाणेघाटावरचा नानाचा अंगठा हा सुळका दुरूनच ओळखू येतो.

वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट फुटते. सायकल घेऊन ती चढता येत नाही. तुम्ही डांबरी रस्त्याने माळशेज चढून, जुन्नरमार्गे वळसा घालून त्याच घाटाच्या माथ्यावर दुसऱ्या दिवशी पोचता. ही गोष्ट मला या वाटेत सगळ्यात आवडते: पहिल्या दिवशी खालून पाहिलेला सुळका दुसऱ्या दिवशी पायाखाली असतो. माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ, दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांची नोंद, आणि अंकलेखनाच्या भारतातल्या जुन्या नमुन्यांपैकी काही. राजघराण्याच्या पुतळ्यांपैकी आता पावलंच उरली आहेत, वर नावं मात्र वाचता येतात. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असं सांगतात.

माळशेजचा चढ साधारण सातशे मीटरच्या माथ्यावर नेतो. चढण बोरघाटापेक्षा सलग, वळणं मोठी, आणि हिवाळ्यातल्या आडवारी रहदारी खूप कमी. माथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी डाव्या हाताला पसरलेलं, पलीकडे हरिश्चंद्रगड. खिरेश्वरच्या नागेश्वर मंदिराचं छत पाहायला फाट्यावरून थोडं आत जावं लागतं. वेळ असेल तर जाच. मढवरून जुन्नरकडे वळलं की गणेशखिंड आडवी येते. दिवसभराच्या दमणुकीनंतरचा हा छोटा चढ भल्याभल्यांना उतरायला लावतो.

जुन्नरमध्ये एक दिवस पुरत नाही. शिवनेरी, जिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जन्मले, आणि जो लोहगडासोबतच युनेस्कोच्या यादीत आहे. लेण्याद्री, जिथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बौद्ध लेण्यातच बसला आहे आणि वर जायला जवळजवळ तीनशे पायऱ्या आहेत. घाटघरमार्गे नाणेघाट जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. सायकलच्या क्लीटच्या (पॅडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांनी या पायऱ्या चढूच नका. पिशवीत हलके फ्लोटर सँडल हवेतच. आणि जुन्नर परिसर बिबट्यांचा आहे. उसाच्या शेतांमधल्या रस्त्यांवर अंधारात सायकल नको, सहाच्या आत मुक्कामाला.

म्हणजे बोरघाट दोन दिवसांत होतो, माळशेज-जुन्नरला तीन लागतात. परतीचा प्रश्नही वेगळा. लोणावळ्याला रेल्वे आहे. काही गाड्यांच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकल सामान म्हणून बुक करता येते, मात्र आधी पार्सल ऑफिसात विचारून ठेवावं. जुन्नरला रेल्वे नाही. परत पॅडल मारत उतरायचं किंवा गाडी बोलवायची. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, आळीपाळीने सोडा. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे) असतील तर जास्तच जपा.

पावसाळ्यात दोन्ही नकोत. विशेषतः माळशेजमध्ये दरडी कोसळतात, धुक्यात समोरचं दिसत नाही, आणि प्रशासन बंदीही घालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गिअरच्या बाबतीत मानीपणा नको: पुढे पॅडलजवळ ३४ दातांची चेनरिंग आणि मागच्या चाकावर निदान ३२ दातांपर्यंतची कॅसेट (चक्रांचा संच) असेल तर दोन्ही घाट बसून चढता येतात. टायर २८ मिलिमीटरचे घ्या, मुरबाडच्या पुढे रस्त्याचा भरवसा नाही.

घाटच नको, पण सायकल आणि इतिहास दोन्ही हवेत, असं म्हणणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड. चढउतार छोटे, समुद्र जवळ, आणि कोर्लईत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली ऐकू येते. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर माझी शिफारस हीच.

उरलेल्यांनी आधी एका रविवारी पहाटे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जावं आणि फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा चढ चढावा. वर पोचल्यावर लेणी हिंडून पाहायची इच्छा शिल्लक असेल, तर बोरघाट जमेल. तोच चढ तीन वेळा करूनही पाय हलके वाटले, तर सरळ माळशेजची तयारी करा. माझं मत विचाराल तर तीन दिवस मिळत असतील त्यांनी बोरघाटाचा विचारही करू नये. आणि दोनच दिवस असतील तर जुन्नर घाईत उरकण्यापेक्षा मळवलीत मुक्काम करून कार्ले, भाजे, लोहगड नीट पाहावेत.