आपला माणूस म्हणून घेतलेली एमएच ०९

कोल्हापुरातून गाडी घेऊन निघालो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कोगनोळीचा टोलनाका गेला, निपाणी मागं पडली आणि तवंदी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला, तर आरपीएमचा काटा साडेतीन हजारावर चढला. गाडी मात्र तिथंच रेंगाळली. आरशात बघितलं तर मागं काळा धूर. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, क्लच सुटतोय की." तीन लाख नव्वद हजार मोजून दोन तासही झाले नव्हते.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशिन शॉपमध्ये काम करतो, राहायला अनगोळात. आई नंदगडला असते. तिला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यासाठी बेळगावात आणावं लागतं आणि गुडघ्यांमुळं बसची पायरी तिला चढवत नाही. म्हणून गाडी हवी होती. इथं बेळगाव पासिंगच्या, केए २२ च्या डिझेल गाड्या साडेचार लाखांच्या खाली मिळेनात. तेवढ्यात भाच्याला मोबाईलवर ही जाहिरात दिसली: २०१७ चं मॉडेल, ६१ हजार किलोमीटर, अलॉय व्हील, रुंद टायर, प्रोजेक्टर हेडलाईट, डिकीत ॲम्प्लिफायर आणि वूफर. "दीड लाखाचं काम केलेली गाडी."

गाडीपेक्षा मी ती विकणाऱ्या डीलरच्या बोलण्याला भुललो, आणि हे लिहायचं खरं कारण तेच आहे. फोनवर बेळगाव म्हटल्याबरोबर त्याचा आवाज बदलला. "सीमाभागातली आमची माणसं तुम्ही. १ नोव्हेंबरला तुमच्या काळ्या दिनाच्या फेरीला यायला निघालो होतो, कोगनोळीला आम्हाला अडवलं. तुमच्याकडनं मी कमिशन घेणार नाही." आपल्याकडं सातबारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, ऑफिसात गेलं की निम्मं बोलणं समोरच्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यायचं. अशा माणसाला पलीकडून कुणी 'आमची माणसं' म्हटलं की गळा दाटून येतो. माझाही आला. मेकॅनिक आणतो म्हटल्यावर तो म्हणाला, "पाव्हणं, घरचाच व्यवहार आहे, मेकॅनिक कशाला?" आमच्या गल्लीत गॅरेज चालवणारे मिस्त्री हजार रुपये आणि जेवण एवढ्यावर सोबत यायला तयार होते. मी त्यांना नको म्हटलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला. भाच्यानं सहाशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. स्टिअरिंगखाली गाडीतले बिघाड वाचायचं सोळा पिनांचं ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाईलवर सगळं दिसतं. कोड आला पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून, इंजिनचा थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या वाटेतून, पुरेसा वायू जात नाही. पण मला हादरवलं ते दुसऱ्या ओळीनं. फॉल्ट कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, हे इंजिनचा कॉम्प्युटर मोजत असतो. तो आकडा होता १७१ किलोमीटर. ताब्यात घेतल्यापासून मी गाडी १६४ किलोमीटर चालवली होती. उरलेले सात म्हणजे त्याच्या यार्डातून मारलेली ट्रायल. मी पोचायच्या जरा आधी त्यानं कोड पुसून दिवा विझवला होता.

मग गाडी मिस्त्रींकडं नेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी. अण्णांनी ईजीआरचा पाईप सोडवला आणि आतून स्टीलच्या पत्र्याचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. कातरीनं कापलेला, कडा वाकड्या, कापताना राहिलेली खरखरसुद्धा घासलेली नाही. भोक बुजवायला कुणीतरी तो मध्ये घालून नट आवळले होते. आमच्या शॉपमध्ये शिकाऊ पोरगासुद्धा असं काम हातावेगळं करणार नाही. इंजिनही रिमॅप केलेलं होतं: कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलून डिझेल आणि टर्बोचा दाब वाढवलेला. पॉवर वाढते हे खरं, पण क्लच आणि टर्बो मूळ ताकदीच्या हिशोबानंच बनवलेले असतात. माझ्या गाडीचा क्लच आधीच झिजलेला, त्यावर हा भार, म्हणून चढाला सुटत होता.

"पेडल बघितलंस?" अण्णांनी विचारलं. क्लच आणि ब्रेक, दोन्हींवर कोरे करकरीत रबर. ६१ हजार चाललेल्या गाडीला नवं रबर घालायची वेळ का यावी? स्टिअरिंगचं नवं कव्हर काढलं, तर खाली कातडं गुळगुळीत झालेलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगितला, तर २०२२ च्या सर्व्हिसलाच १,३८,४०० किलोमीटरची नोंद निघाली.

इथवरचं नुकसान पैशाचं. कागदांनी तर गाडीच हातातून काढून घेतली.

महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात वर्षभराहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८ वर, आणि इथं आजीवन कर वेगळा भरायचा. "एनओसी आठ दिवसांत घरपोच" असं तो म्हणाला होता. आठाचे चाळीस झाले. शेवटी वाहनाच्या सरकारी ॲपवर नंबर टाकला, तर फायनान्सर म्हणून एका कंपनीचं नाव तसंच. कर्ज फिटल्याचा दाखला आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय ते नाव निघत नाही. मला त्यानं आरसीच्या एकाच बाजूची झेरॉक्स दिली होती. मूळ मालकाला शोधून काढलं. बिचाऱ्यानं सरळ सांगितलं, अकरा हप्ते बाकी आहेत, ते डीलर भरणार या बोलीवर गाडी त्याला दिली होती. म्हणजे हप्ते थकले की वसुलीवाले माझ्या दारातून गाडी ओढून नेऊ शकतात. हे ॲप माझ्या मोबाईलमध्ये होतं. कोल्हापूरला निघायच्या आदल्या रात्री दोन मिनिटं काढली असती, तर ही वेळ आली नसती.

फोन केला तर तोच गोड आवाज: "पाव्हणं, गाडी जशी आहे तशी घेतलीय, सही आहे तुमची." सही आहेच. साध्या कागदावर. शिवाय दोन लाख चाळीस हजार बँकेतून पाठवलेले, दीड लाख रोख. "रोख दिलंत तर दहा हजार कमी करतो" म्हणाला म्हणून दिले, आणि त्या दीड लाखाची पावती नाही.

मॉडिफिकेशनबद्दल वेगळं सांगतो, कारण पोरांना त्याचीच भुरळ पडते. आरसीवर नोंद नसलेले बदल पासिंगला अडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गाडी आपल्या नावावर झाली की तो मालक आपणच. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी उकरून काढला जातो. त्या वूफरची वायर थेट बॅटरीवरून फ्यूजशिवाय ओढलेली होती. पत्र्याला घासून इन्शुलेशन अर्धं गेलेलं. आई मागच्या सीटवर बसली असती, तिच्या पायाखालूनच ती वायर गेली होती. हे आठवलं की अजून झोप उडते.

म्हणून निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगाव, जिथून कुठून तुम्ही पलीकडची गाडी बघायला जाल, आधी ॲपवर फायनान्सर बघा. आरसी दोन्ही बाजूंनी बघा. मग नंबरावरून सर्व्हिसच्या नोंदी काढा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्टच्या चिठ्ठीवरही बहुधा तारीख असते. टायर, बेल्ट, काचा सगळ्यांच्या तारखा जुळतात का बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृतता लागते, फॉर्म २९ बी. तो दाखवा म्हणा. एनओसी हातात पडेपर्यंत निदान लाखभर रुपये राखून ठेवा आणि रोख एक रुपयाही देऊ नका. ज्याला खरंच विकायची आहे तो याला नाही म्हणत नाही.

फसलाच असाल तर गप्प बसू नका. मला वाटत होतं, केस करायला कोल्हापूरला खेटे घालावे लागतील. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा नंबर आहे. मी बेळगावातच तक्रार दाखल केली आहे. स्कॅनरचे स्क्रीनशॉट, सर्व्हिसच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट आणि पाकिटात घालून तो पत्र्याचा तुकडा, सगळं जोडलं. वकिलांनी सांगितलं, रोख दीड लाख सिद्ध करणं अवघड जाणार.

गाडी ताडपत्री टाकून उभी आहे. आई अजून रिक्षानं येते. स्कॅनर माझ्याकडं आहे. बेळगाव परिसरातलं कुणी जुनी गाडी बघायला निघणार असेल, तर रविवारी मी येतो. अण्णाही यायला तयार आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय.