उयुनीहून सॅन पेद्रो की सॅन पेद्रोहून उयुनी?

बोलिव्हियातलं उयुनी आणि चिलीतलं सॅन पेद्रो दे अटाकामा, मधे तीन दिवसांची जीप, रस्ता दोन्हीकडून जवळपास तोच, मग कुठून सुरू केलं काय फरक पडतो असं वाटतं ना, तर पडतो, आणि चांगलाच पडतो.

सॅन पेद्रो साधारण २,४०० मीटरवर. तिथून सकाळी निघालात की त्याच दिवशी सोल दे मान्याना गीझर्स (जमिनीतून गरम वाफ उसळते ती जागा), म्हणजे ४,८०० च्या वर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट! डोकं ठणकतं, जेवण जात नाही, आणि रात्री मुक्काम पण ४,००० च्या वरच, झोपेचं तर बोलूच नका. उयुनी मात्र आधीच ३,६५० च्या आसपास, त्यात बोलिव्हियातल्याच उंचावरच्या ला पाझ शहरातून आलात तर शरीराला सवय झालेली असते, मग शेवटी उंचावर गेलात तरी लगेच खाली सॅन पेद्रोला उतरता.

पण उलट्या बाजूचा एक पॉइंट मानायलाच हवा, सॅन पेद्रोहून आलं की उयुनीजवळचं मिठाचं मैदान शेवटी येतं, दहा हजार चौरस किलोमीटरचा पांढरा पसारा पहाटे बघायचा म्हणजे क्लायमॅक्सच. उयुनीहून तो पहिल्याच दिवशी संपतो, मग फ्लेमिंगोवाली लाल लगुना कोलोराडा (लगुना म्हणजे तळं) वगैरे. (मला तीच जास्त आवडली, असो.)

चिलीत शिरताना फळं आणि कोकाची पानं (उंचीचा त्रास कमी व्हावा म्हणून तिकडे चघळतात ती) आधीच संपवा, बॉर्डरवर चालत नाहीत.

मी तरी उयुनीहूनच सांगेन.